दोन सेंटिमीटरचा शिकारी

आमच्या वीस लिटरच्या फिशटँकसाठी मुलांनी निळसर पट्ट्यांचा एक इवलासा लाल मासा निवडला. नाव स्कार्लेट बॅडिस. आठवडाभर त्याने कोरड्या खाद्याला तोंड लावलं नाही. दाणे तळाशी कुजत गेले आणि मासा रोडावत गेला. दादी म्हणाल्या, "मुका जीव घरात आणला, तो काय खातो हे आधी विचारायला नको?"

मग आम्ही माहिती काढली. हा मासा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या ओढ्यांत राहणारा. नर जेमतेम दोन सेंटिमीटरचा, पण जातीचा शिकारी. समोर हलणारं भक्ष्य दिसलं तरच झेप घेतो.

ब्राइन श्रिंपची अंडी मिळतात. मिठाच्या पाण्यात हवा सोडत ठेवली की साधारण दीड दिवसात पिल्लं निघतात. ती बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्यात धुऊन थोडी थोडी सोडायची. पहिल्याच दिवशी आमचा मासा झाडामागून बाहेर आला!

टँकमध्ये जावा मॉस आणि दाट झाडं हवीत, पाण्याचा प्रवाह मंद हवा. लहान जागेत दोन नर ठेवू नयेत, भांडतात. चपळ माशांसोबतही ठेवू नये, ते याचा घास पळवतात. मादी फिकट रंगाची असल्याने दुकानात बहुधा नरच दिसतात.

आता रोज सकाळी पिल्लं गाळायचं काम मुलांकडे आहे. मासा घेण्याआधी त्याचं जेवण आपल्या घरी रोज तयार होईल का, एवढं जरूर पाहा.