र्‍हाइनला गोटे परत, गोदावरीला काय?

कोलोन (जर्मनी) :



कोलोनच्या नैर्ऋत्येला एर्फ्टश्टाट नावाची नगरपालिका आहे आणि तिच्यात ब्लेसेम नावाचं छोटं गाव. १५ जुलै २०२१ रोजी आलेल्या पुरात या गावाची एक कड खचून भल्यामोठ्या खड्ड्यात गेली. आठ घरं नष्ट झाली, रस्ता तुटला, जुन्या गढीचा काही भाग कोसळला. वरून काढलेला तो फोटो जगभरच्या वर्तमानपत्रांत आला होता, तुमच्याही पाहण्यात आला असेल. त्या पुरात जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली. ब्लेसेममध्ये मात्र एकही जीव गेला नाही.

इकडे सगळे याला अतिवृष्टीच म्हणाले आणि पाऊस भयानक होता हे खरंच आहे. पण गावाजवळची एर्फ्ट ही काही गोदावरी नव्हे. शंभरेक किलोमीटर वाहून र्‍हाइनला मिळणारी ती साधी नदी आहे. तिच्या पाण्याने गावाखालची जमीन नेली, कारण गावाच्या कडेलाच वाळू-गोट्यांची खोल खाण होती. ही खाण पात्राच्या बाहेर, काठावरच्या सपाट जमिनीत खोदलेली होती. नदी काठ सोडून पसरली, तेव्हा पाण्याला सर्वांत सखल जागा तीच सापडली. पाणी खड्ड्यात कोसळताना कडेची माती खात गेलं आणि ती कड मागे मागे, म्हणजे गावाकडे सरकत आली. आपल्या काळ्या रानात बांध फुटल्यावर घळ उताराच्या उलट दिशेने वर चढत जाते, ते प्रत्येक शेतकऱ्याने पाहिलेलं आहे. ब्लेसेममध्ये तेच झालं, फक्त घळीच्या तोंडाशी घरं होती.

जर्मनी हा कागदाचा देश आहे. ब्लेसेमची खाण खाण कायद्याखाली, परवाना घेऊन आणि सरकारी देखरेखीत चालत होती. तरीही कडांचा उतार फार उभा होता आणि पुरापासून वाचवणारा बांध पुरेसा नव्हता, असा संशय आल्याने कोलोनच्या सरकारी वकिलांनी तपास उघडला. जानेवारी २०२२ मध्ये छापे पडले. खाण पुन्हा सुरू झाली नाही. परवाना होता की नव्हता, एवढाच प्रश्न आपल्याकडे विचारला जातो. मला ब्लेसेमने शिकवलं ते हे, की परवाना असला तरी खड्डा नदीपासून किती दूर आणि किती खोल, हे विचारायचं राहतंच.

इथली बहुतेक वाळू आता अशाच पात्राबाहेरच्या खाणींतून येते. जुन्या काळी नदीने टाकलेले जाड थर खणले की भूजल उघडं पडतं आणि तलाव तयार होतो. दिसायला तो सुंदर असतो, लोक पोहायला जातात. पण भूजलालाही उतार असतो. उघड्या तलावात पाण्याची पातळी सपाट होते, त्यामुळे वरच्या अंगाला भूजल खाली जातं आणि खालच्या अंगाला वर येतं. शिवाय उन्हाळ्यात बाष्पीभवन होतं, आणि पाणी गाळून घेणारा मातीचा थर गेलेला असल्याने घाण थेट भूजलात उतरते.

र्‍हाइनची गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. बाझेलपासून इफेट्सहाइमपर्यंत या नदीवर दहा बंधारे आहेत. शेवटचा इफेट्सहाइमचा, १९७७ साली सुरू झालेला. बंधाऱ्यांनी वरून येणारे गोटे अडवले आणि खालची नदी उपाशी राहून स्वतःचाच तळ खाऊ लागली. तळ खोल गेला की काठचं भूजलही त्याच्यामागे खाली जातं. म्हणून १९७८ पासून सरकार त्या बंधाऱ्याखाली दरवर्षी सरासरी पावणेदोन लाख घनमीटरच्या आसपास वाळू-गोटे जहाजांनी आणून नदीत टाकतं. ब्रासच्या हिशेबात हे साठ हजारांच्या वर जातं. श्रीमंत देश नदीला तिचं घेतलेलं परत देतो आहे, तेही स्वतःच्या तिजोरीतून.

आता आपल्याकडे पाहा. गोदावरीवरचं जायकवाडी धरण १९७६ चं. सिंदफणेवर माजलगावचं धरण. वरची वाळू जायकवाडीच्या नाथसागरात आणि माजलगावच्या जलाशयात अडते, खाली येते ती थोडी. संत जनाबाईंच्या गंगाखेडखालचं गोदावरीचं पात्र त्यामुळे आधीच उपाशी आहे, आणि त्यातून हायवा भरून वाळू निघते. आपला खडक काळा पाषाण, त्यात पाणी फार साठत नाही. काठच्या विहिरींना आधार आहे तो गाळाचा आणि वाळूचा. भरलेल्या वाळूत तिच्या घनफळाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश पाणी मावतं. वाळू गेली की ही साठवण जाते, आणि पात्र खोल झालेलं असेल तर पावसाळ्यानंतर काठचं पाणी विहिरीत थांबण्याऐवजी नदीकडे ओढलं जातं.

ठेकेदारांचा एक युक्तिवाद मी नेहमी ऐकतो : पात्र खोल केलं तर पूर ओसरेल. सारख्या उताराने, मोजून केलेलं खोलीकरण वेगळं. जेसीबीने जिथे सोपं तिथे पाडलेले डोह प्रवाहाला काठावर फेकतात. थडी ढासळते, मळईची जमीन जाते, पुलाचे पाये उघडे पडतात. डोहात पोरं बुडतात, ते तर वर्तमानपत्रात येतंच. पूर वरच्या धरणातून सुटतो तेव्हा चार-दोन खड्ड्यांनी त्याचं पाणी सामावत नाही.

वाळू अजिबात काढू नका, असं मी म्हणत नाही. घरकुलं बांधायची आहेत. पण नदी दरवर्षी किती आणते, हे मोजल्याशिवाय किती न्यायचं हे ठरवता येत नाही. २०१६ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार प्रत्येक जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो. त्याचा मसुदा २१ दिवस लोकांसाठी खुला ठेवावा लागतो. परभणी जिल्ह्याचा असा मसुदा येईल तेव्हा काठच्या गावांतल्या शिकलेल्या पोरांनी तो वाचावा. आपल्या वाळूघाटावरच्या वाळूची पातळी कधी आणि कुणी मोजली, ते त्यात शोधावं. मोजलेली नसेल तर २१ दिवसांच्या आत लेखी हरकत नोंदवून पोचपावती घ्यावी.