आजाऱ्यांची यात्रा आणि सोबत्यांचे काम



गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावच्या माणसाला यात्रा म्हणजे काय हे सांगायला नको. आषाढी जवळ आली की दिंडीची बोलणी सुरू होतात. कोण येणार, सामानाचा ट्रक कुणाचा, पाण्याचा टँकर कुठे भरायचा, मुक्काम कुठल्या गावी, सगळे ठरते. पण या तयारीत घरातल्या एका माणसाचे नाव सहसा निघत नाही. अंथरुणाला खिळलेली म्हातारी, पायाने अधू झालेला मुलगा, लकवा झालेला भाऊ. "त्याला कुठं नेता? घरीच राहू द्या," असे म्हणून आपण मोकळे होतो. आज ज्या यात्रेची माहिती आपण घेणार आहोत, तिच्यात नेमका हाच माणूस सर्वांत पुढे असतो. ही यात्रा आहे कॅथॉलिक ख्रिस्ती लोकांची, आणि तिची रीत कुठल्याही धर्माच्या माणसाने समजून घ्यावी अशी आहे.

ही रीत ठळकपणे रुजली ती फ्रान्स देशात, लूर्द या गावी. पिरेनीज डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या लहानशा गावात १८५८ साली बर्नादेत सुबिरू नावाच्या चौदा वर्षांच्या गरीब मुलीने सांगितले की, नदीकाठच्या गुहेत मला एका स्त्रीचे दर्शन झाले. ती स्त्री म्हणजे येशूची माता मरिया, अशी कॅथॉलिकांची श्रद्धा आहे. त्या गुहेत एक झरा वाहू लागला. त्याच्या पाण्याने गुण येतो अशी वार्ता पसरली आणि आजारी माणसांची रीघ लागली. १८६६ साली गावात आगगाडी आली, १८७३ पासून फ्रान्सभरातून मोठ्या सामुदायिक यात्रा सुरू झाल्या आणि लवकरच आजाऱ्यांना गाडीत घालून आणले जाऊ लागले.

आता अडचण उभी राहिली. आजारी माणूस गाडीतून उतरवायचा कुणी? त्याला खाऊ कोण घालणार, रात्री पाणी कोण पाजणार, शौचाला कोण नेणार? भाविकांनीच हे काम अंगावर घेतले आणि १८८५ साली तिथे सेवेकऱ्यांची कायमची संघटना झाली. आजही तरुण मुले-मुली, शिक्षक, कारकून, व्यापारी आपली सुट्टी काढून, आपला खर्च आपण करून तिथे जातात. कुणी चाकाच्या खुर्च्या ओढतो, कुणी खाटा उचलतो, कुणी जेवण वाढतो, कुणी अंथरुणे बदलतो. प्रत्येक टोळीबरोबर आपले डॉक्टर, आपल्या परिचारिका आणि आपला धर्मगुरू असतो. मिरवणुकीत आजाऱ्यांच्या खुर्च्या मानाच्या जागी असतात.

सेवा हीच पूजा, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जनीबरोबर देव दळू लागला, गोवऱ्या वेचू लागला, ही कथा आपल्या आयाबायांना तोंडपाठ आहे. देव जर हलक्या समजल्या जाणाऱ्या कामाला हात लावतो, तर आजाऱ्याचे भांडे उचलायला आपल्याला कमीपणा का वाटावा?

आपल्या महाराष्ट्रातही अशी ठिकाणे आहेत. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरचे माऊंट मेरीचे मंदिर तर सर्वांना ठाऊक आहे. कोळी लोक तिला मोत माउली म्हणतात. ८ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिन असतो, त्या सुमारास तिथे आठवडाभर जत्रा भरते. ज्या अवयवाला दुखणे असेल त्या आकाराची मेणाची वस्तू भाविक तिथे वाहतात. कुणी मेणाचा हात वाहतो, कुणी पाय, तर मूल व्हावे म्हणून कुणी मेणाचे बाळ. तमिळनाडूतल्या वेलांकण्णी इथल्या मातेचे तर नावच आरोग्य माता आहे. गोव्याहून आणि मुंबईहून तिथे जाण्यासाठी रेल्वेगाड्या आहेत.

मराठवाड्याच्या माणसाला जवळचे ठिकाण म्हणजे हरेगाव. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात हे गाव आहे. एके काळी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यासाठी ते ओळखले जाई. इथल्या संत तेरेजा मंदिराच्या आवारात दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. १९४९ साली सुरू झालेल्या या यात्रेने २०२३ साली आपला अमृतमहोत्सव पाहिला. यात्रेपूर्वी नऊ दिवस नोव्हेना म्हणून प्रार्थना चालते. मराठवाड्यातून कुणी पायी येते, कुणी टेम्पोने, कुणी एस. टी. ने. मराठी गीते, मराठी प्रार्थना, आणि ख्रिस्ती नसलेली माणसेही नवस फेडायला आलेली. परभणी जिल्ह्यातून रेल्वेने जायचे तर गंगाखेडहून परभणी, तिथून मनमाड, आणि मनमाडहून दौंडच्या मार्गावर श्रीरामपूरचे स्थानक. त्या स्थानकाचे नाव मात्र बेलापूर आहे, हे ध्यानात ठेवावे.

इथे एक मुद्दा स्पष्ट बोलला पाहिजे. "देवीला जाऊन आलो, आता औषध कशाला?" असे म्हणून गोळ्या बंद करणारी माणसे सगळ्याच धर्मांत आढळतात. यातून जीव जातात. क्षयाची औषधे मध्येच सोडली तर रोग पुन्हा उसळतो आणि साध्या औषधांना दाद देईनासा होतो. फिट येणाऱ्या माणसाने गोळी एकाएकी सोडली तर लागोपाठ झटके येऊ शकतात. आता लूर्दची रीत पाहा. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचे स्वतंत्र कार्यालय आहे. बरे झालो म्हणून सांगणाऱ्या माणसाचे जुने कागद तिथे तपासतात. रोग खरोखर गंभीर होता का, निदान पक्के होते का, गुण एकदम आणि पुरता आला का, तो टिकला का, औषधाने आला असे म्हणता येते का, हे सारे वर्षानुवर्षे पाहतात. आजवर सात हजारांहून अधिक माणसांची नोंद झाली. त्यांतून २०१८ साली चर्चने मान्य केलेला चमत्कार सत्तरावा होता. म्हणजे जिथे चमत्कारावर विश्वास आहे, तिथेसुद्धा डॉक्टरला दाराबाहेर ठेवलेले नाही.

मग उरलेल्या लाखो आजाऱ्यांना काय मिळते? जाऊन आलेली माणसे सांगतात की मन हलके होते. वर्षभर चार भिंती पाहणाऱ्या माणसाला आभाळ दिसते. आपल्यासारखे दुसरे भेटतात. आणि परकी माणसे आपल्यासाठी घाम गाळतात हे पाहून आपण घरावरचे ओझे आहोत ही टोचणी कमी होते. ही गोष्ट औषधाच्या बाटलीत मिळत नाही.

तेव्हा कुठल्याही यात्रेला आजारी माणसांना न्यायचे असेल तर काय तयारी करावी, ते थोडक्यात सांगतो.

निघण्यापूर्वी पंधरा दिवस प्रत्येक आजाऱ्याला डॉक्टरकडे न्यावे. प्रवास झेपेल का, हे डॉक्टरलाच ठरवू द्यावे. झेपणार नसेल तर हट्ट करू नये. मुख्य म्हणजे, जायचे की नाही हे आजाऱ्याला स्वतःला विचारावे.

एका वहीत प्रत्येकाचे नाव, दुखणे, औषधांच्या वेळा आणि घरचा फोन नंबर लिहावा. त्याचीच चिठ्ठी आजाऱ्याच्या खिशात ठेवावी. औषधे चार दिवस जास्तीची घ्यावीत. मधुमेहाच्या माणसाने डॉक्टरला विचारल्याशिवाय उपास धरू नये.

प्रत्येक आजाऱ्यामागे निदान एक सोबती ठरवून द्यावा. चालता न येणाऱ्याला उचलायला दोन माणसे लागतात. बाईमाणसाला बाईच सोबत असावी. सोबत्यांच्या पाळ्या लावाव्यात. रात्रभर जागलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी झोप मिळालीच पाहिजे, गाडी हाकणाऱ्याला तर आधी.

पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेले असावे. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडेथोडे पाजत राहावे, आणि दवाखाना गाठावा. सप्टेंबरात पाऊस असतो, म्हणून प्लास्टिकचा कागद आणि कोरडे पांघरूण हवे. रात्री रस्त्याने चालायचे झाले तर पुढच्या आणि मागच्या माणसाच्या हातात दिवा हवा.

मुक्काम ठरवताना देवळापासूनचे अंतर पाहतो, तसे संडासापासूनचेही पाहावे. आजारी माणूस लाजेने सांगत नाही, पाणी पिणे कमी करतो आणि त्याने आणखी आजारी पडतो.

गर्दीत आजाऱ्याला अगदी पुढे रेटू नये. कडेला थांबावे आणि स्वयंसेवकाला सांगावे. दर्शनाला तासभर उशीर झाला तरी चालेल.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. ही वही लिहिण्याचे, चिठ्ठ्या वाचून दाखवण्याचे आणि औषधांच्या वेळा समजावून देण्याचे काम गावात तुमच्याइतके चांगले कुणाला जमणार? वरच्या वर्गातल्या मुलांना खुर्ची कशी ढकलावी, उतारावर ती उलटी कशी धरावी, माणसाला खाटेवरून कसे उठवावे, हे एका तासात शिकवता येते. यात्रा पंढरपूरची असो, हरेगावची असो किंवा एखाद्या दर्ग्याच्या उरुसाची, हे शिक्षण सगळीकडे उपयोगी पडेल.

पुढच्या खेपेला गावातून दिंडी किंवा यात्रेची गाडी निघेल, तेव्हा नावांची यादी करायला बसल्यावर घरी राहणाऱ्यांचीही नावे एकदा वाचा. त्यांतला एखादा माणूस दोन सोबती मिळाले तर येऊ शकेल. ते दोन सोबती आधी शोधा.