बॅकअप घेतला, पण तो परत आणता येतो का? कॉलेजात डेटाबेस शिकताना राहून जाणारा धडा

सातारा, सांगली जिल्ह्यांत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, बीसीए किंवा बीसीएस करणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला 'डीबीएमएस' हा विषय येतोच. सांगलीचं वालचंद कॉलेज (स्थापना 1947) असो की साताऱ्यातलं रयत शिक्षण संस्थेचं कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय (1983), विषयाचा गाभा सारखाच. पण या विषयात पास झालं की डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे 'डीबीए' होता येतं का?

वर्गात काय शिकवतात?

एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेलं रिलेशनल मॉडेल, ईआर डायग्राम, नॉर्मलायझेशन, एसक्यूएल, ट्रान्झॅक्शन. हे सगळं लागतंच. पण हे मुख्यतः डेटाबेस उभा करणाऱ्याचं शिक्षण झालं. तो सांभाळणाऱ्याचे प्रश्न वेगळे असतात. कोणाला काय दिसलं पाहिजे? काल दोन सेकंदांत येणारा रिपोर्ट आज दोन मिनिटं का घेतोय? आणि सर्व्हर बंद पडला तर पुढे काय?

'रिकव्हरी'चा धडा पुस्तकात असतो. लॉग, चेकपॉइंट यांवर टीपही लिहिली जाते. प्रॅक्टिकलची गाडी मात्र बहुतेकदा टेबल, जॉइन आणि ट्रिगरपर्यंतच जाते.

गिटलॅबचं काय झालं होतं?

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीच्या इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरवरचं समजून मुख्य सर्व्हरवरचं डेटाबेसचं फोल्डर उडवलं. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे 300 जीबीपैकी जेमतेम 4.5 जीबी उरलं होतं.

खरा धक्का नंतर बसला. रोजचा बॅकअप बरेच दिवस तयारच होत नव्हता, कारण बॅकअपचं टूल एका आवृत्तीचं आणि डेटाबेस दुसऱ्या. बॅकअप फसल्याचे ईमेल निघत होते, पण ते वाटेतच नाकारले जात होते. शेवटी, सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका प्रतीवर कंपनी सावरली. मधल्या सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

बॅकअपच्या सोयी एकापेक्षा जास्त होत्या; त्या परत आणून कोणी पाहिल्या नव्हत्या.

सांगलीकरांनी हे का शिकावं?

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली. 2021 मध्ये पुन्हा पूर आला. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच खोलीतल्या कपाटातली बॅकअपची हार्ड डिस्क एकाच पाण्यात जाणार, हे इथे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एक प्रत गावाबाहेर हवी, हा नियम पुस्तकात एका ओळीत संपतो. पतसंस्थेच्या खात्यांचा हिशेब भिजला तर तो किती दिवसांत उभा राहणार, हे त्याच ओळीवर ठरतं.

घरी सराव कसा करायचा?

पोस्टग्रेस फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. साखर कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांचं एक काल्पनिक टेबल करा, 'जनरेट सीरीज'ने त्यात दहा लाख ओळी भरा. 'पीजी डंप'ने बॅकअप घ्या, मग आणखी हजार ओळी घाला आणि टेबल उडवा. आता दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा. घड्याळ लावून करा. किती वेळ लागला आणि किती ओळी गेल्या, हे दोन आकडे लिहून ठेवा. डीबीएला कामावर हेच दोन आकडे विचारले जातात.

बॅकअपनंतरच्या त्या हजार ओळी परत येणार नाहीत. त्या हव्या असतील तर डंप पुरत नाही. आधी 'पीजी बेसबॅकअप'ने पूर्ण प्रत घ्यावी लागते आणि पुढचे लॉग साठवावे लागतात. मग 11:42 ला उडवलेलं टेबल 11:41 ला जसं होतं तसं उभं करता येतं. परीक्षेत टीप लिहिलेला लॉग तो हाच.

सरावासाठी कॉलेजचे खरे निकाल किंवा कुणाचे मोबाईल नंबर मात्र वापरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 मध्ये डेटा सुरक्षित न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. लॅपटॉपवर पडून राहिलेली सरावाची फाईलही गळतीची वाट ठरू शकते.

क्लाऊड आल्यावर डीबीए लागेल का?

ॲमेझॉनने 2009 मध्ये आरडीएस आणल्यापासून इन्स्टॉलेशन, अपडेट, रोजचा बॅकअप ही कामं बरीच आपोआप होतात. पण चुकून दिलेली डिलीटची आज्ञा रेप्लिकावरही जवळपास तितक्याच तत्परतेने पोहोचते. रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप किती दिवस ठेवायचे, उडवण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, हे अजूनही माणसालाच ठरवावं लागतं.

तोवर, सांगलीतल्या लॅपटॉपवरचा बॅकअप एन्क्रिप्ट करून सव्वाशे किलोमीटरवरच्या साताऱ्यातल्या मित्राकडे पाठवता येईल. तिथे, तुम्हाला फोन न करता, केवळ तुम्ही लिहून दिलेल्या सूचनांवरून तो उघडतो का, ते पाहा.