मशीन रुसलंय? आधी टाकीत डोकवा!

दिवाळीच्या सुट्टीत गावी निघालात? फराळ, किल्ला, भटकंती हे सगळं होईलच. पण तुमच्या घरी बाग किंवा शेती असेल, तर एक वाक्य हमखास कानावर पडेल, "जरा ते ग्रासकटर बघ, चालूच होत नाहीये."

गेल्या वर्षी बाबा मलाही हेच म्हणाले. रत्नागिरीकडे आमची काजूची छोटी बाग आहे. पाऊस संपला की बागेत कमरेएवढं गवत उभं असतं. ते वेळेत कापलं नाही की वाळतं, आणि मग उन्हाळ्यात वणव्याला एक ठिणगी पुरते. बाबा दोरी खेचून खेचून दमले. मी मशीनकडे नुसतं बघितलं आणि मोबाइल उघडला. शेवटी मशीन बाजारातल्या मिस्त्रीकडे गेलं. तिथे आधीच रांग. पंधरा दिवसांचा महिना झाला. गवत अर्धंच कापून झालं. मार्चमध्ये डोंगरावरून आग उतरली, ती कापलेल्या भागापाशी थांबली. न कापलेल्या भागातली अकरा कलमं होरपळली.

मशीनला झालं काय होतं? मिस्त्री म्हणाले, "काही नाही, जुनं पेट्रोल." बस, एवढंच!

म्हणून यंदा मी हे शिकून घेतलं. तुम्हीही शिका, इंजिनीअरिंगला असायची गरज नाही. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: पेट्रोल, हवा आणि ठिणगी. त्याच क्रमाने तपासायचं.

आधी पेट्रोल. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारूच नका. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट टाकीच्या तळाशी बसतं. शिवाय पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक भोकांत अडकतो. त्यामुळे महिनोन् महिने पडलेलं पेट्रोल सरळ काढून टाका, पण ते गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नका, गॅरेजवाल्याला विचारून त्याच्याकडे द्या.

ताजं पेट्रोल भरताना मशीन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक ते बघा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर एक लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. 'अंदाजे एक झाकण' हा हिशेब चालत नाही. ऑइल विसरलात तर पिस्टन जाम झालाच म्हणून समजा. फोर-स्ट्रोकमध्ये मात्र ऑइल वेगळ्या जागी असतं, ते पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही.

मग हवा. एअर फिल्टरचं झाकण उघडा. फोमचा फिल्टर असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, पुस्तिकेत सांगितलं असेल तर दोन-चार थेंब ऑइल लावून पिळा आणि बसवा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, फक्त झटकायचा. फारच काळा झाला असेल तर बदलायचा.

शेवटी ठिणगी. प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी असेल तर उत्तम. काळा, काजळी धरलेला असेल तर साफ करा. ओलाचिंब असेल तर चोक ओढून जास्तच दोरी खेचली गेली आहे. प्लग पुसून वाळवा, चोक उघडा आणि पुन्हा प्रयत्न करा. बरेचदा खेचूनही प्लग कोरडाच राहत असेल तर पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाहीये. कडक झालेली, चिरलेली नळी बघा. तीही ठीक असेल तर कार्बोरेटर मिस्त्रींनाच साफ करू द्या, त्यात उगाच हात घालू नका.

आणि हो, शायनिंग मारायला जाऊ नका! पात्याला हात लावण्याआधी प्लगची वायर काढा. गरम इंजिनात पेट्रोल भरू नका. बंद पडवीत किंवा खोलीत मशीन चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळायच्या आत जीव घेतो. गवत कापताना गॉगल, बूट आणि पात्याचं गार्ड हवंच. उडालेला खडा डोळ्याचा कायमचा निकाल लावू शकतो.

काम संपल्यावर मशीन तसंच कोपऱ्यात टेकवून ठेवू नका. टाकी रिकामी करा, आपोआप बंद पडेपर्यंत इंजिन चालू ठेवा. थंड झाल्यावर प्लगच्या भोकातून दोन-तीन थेंब ऑइल सोडा, दोरी हळू दोनदा खेचा, प्लग परत लावा. दहा मिनिटांचं काम.

यंदा बाबांनी फोनवर विचारलं, "मिस्त्रीकडे आधीच टाकू का मशीन?" म्हटलं, "थांबा, मी येतेय." तुम्हीही सुट्टी संपवून परत निघाल तेव्हा टाकी रिकामी आहे ना, हे बघूनच एसटी पकडा.