एका लाइनीत तीस संभाषणे

गेल्या वर्षी शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने अमेरिकेतून वापरलेले टेलिफोन एक्सचेंज मोठ्या प्रेमाने पाठविले. शाळा व वसतिगृहाच्या लाइनीशी ते काही केल्या जुळेना. विश्वस्त मंडळाने आम्हांस विचारले, यंत्र बिघडलेले आहे काय? यंत्र ठीक होते. फरक मानकाचा होता.

डिजिटल लाइनीवर आपला आवाज सेकंदाला 8000 वेळा मोजला जातो व प्रत्येक माप 8 बिटांत लिहिले जाते. गुणाकार मुलांनी करून पाहावा: 64,000 बिट. हा झाला एक चॅनेल.

पुढे वाटा फुटतात. अमेरिकेत बेल कंपनीने 1962 मध्ये टी-1 लाइन सुरू केली. तीत 24 चॅनेल, शिवाय ताळमेळासाठी सेकंदाला 8000 बिट, एकूण 15,44,000. युरोपच्या ई-1 मध्ये 32 कप्पे, म्हणजे 20,48,000 बिट. त्यांपैकी 30 बोलण्यासाठी, एक ताळमेळासाठी आणि एक नंबर कळविणे, घंटी देणे अशा निरोपांसाठी. भारताने ई-1 घेतली, म्हणून आपल्याकडे ‘तीस चॅनेलची पीआरआय’ असे म्हणतात.

टी-1 आणि डीएस-1 ही नावे जाणकारही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. वास्तविक डीएस-1 ही बिटांची मांडणी, टी-1 ही ती वाहून नेणारी लाइन. एक गाडी, दुसरा रूळ.

ई-1 चे कार्ड बसविण्याचा खर्च नव्या यंत्राएवढा निघाला. म्हणून ते एक्सचेंज आता विज्ञान कक्षात उघडून ठेवले आहे. आठवीच्या मुलांनी कार्डावरील ‘टी-1’ वाचून चॅनेल किती, ते लगेच सांगितले.