वनारोग्याचे उपग्रहीय निरीक्षण

कृत्रिम उपग्रहांवरील संवेदकांनी नोंदविलेल्या प्रारणांवरून वनांचा विस्तार, घनता, वाढ व त्यांवरील ताण यांचे वेळोवेळी मापन करण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. हवामानबदलामुळे अवर्षण, उष्णतेच्या लाटा, वणवे आणि कीटकांचे प्रादुर्भाव यांचे स्वरूप पालटत असल्याने विस्तीर्ण व दुर्गम वनांवर सतत लक्ष ठेवण्यासाठी ही पद्धत आवश्यक ठरली आहे. तथापि उपग्रहास दिसणारी हिरवाई आणि वनाचे आरोग्य या एकच गोष्टी नव्हेत.

तत्त्व : पानांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाश मोठ्या प्रमाणात शोषते, तर पानांच्या अंतर्रचनेमुळे निकट-अवरक्त प्रारण बरेचसे परावर्तित होते. या दोन परावर्तनांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले असता –१ ते +१ यांदरम्यानचा वनस्पति-निर्देशांक मिळतो. दाट, हिरव्या पर्णसंभारासाठी तो १ कडे झुकतो; उघड्या जमिनीसाठी शून्याजवळ असतो. पाण्याची टंचाई भासली की पर्णरंध्रे मिटतात, बाष्पोच्छ्वास मंदावतो व पर्णसंभाराचे तापमान वाढते. ही वाढ औष्णिक संवेदकांना कळत असल्याने पाने पिवळी पडण्यापूर्वीही ताणाची सूचना मिळू शकते.

साधने : १९७२ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-१ पासून या मालिकेतील प्रतिमांची अखंड नोंद उपलब्ध आहे. भारताचा आयआरएस-१ए हा उपग्रह १९८८ मध्ये कार्यान्वित झाला. २०१५ पासूनच्या सेंटिनेल-२ मालिकेच्या काही वर्णपट्टांत १० मी. इतका तपशील मिळतो. ढगांतून आरपार जाणाऱ्या रडार तरंगांचा उपयोग पावसाळ्यात विशेष होतो. दीर्घ तरंगलांबीचे तरंग पर्णसंभार भेदून फांद्या व खोडांपर्यंत पोहोचतात. त्यांवरून जैवभाराचे अनुमान करता येते. यासाठी युरोपीय अवकाश संस्थेचा बायोमास आणि भारत व अमेरिका यांचा संयुक्त निसार हे उपग्रह २०२५ मध्ये सोडण्यात आले.

भारतातील कार्य : हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने लँडसॅट प्रतिमांवरून केलेल्या पाहणीत देशाचे वनाच्छादन १९७२–७५ मधील १६.८९ टक्क्यांवरून १९८०–८२ मध्ये १४.१० टक्क्यांवर आल्याचे आढळले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या १९८७ च्या अहवालात मात्र १९८१–८३ च्या प्रतिमांवरून हे प्रमाण सु. १९.५ टक्के दिले आहे. प्रतिमा जवळपास एकाच काळातील असूनही वाचनाच्या पद्धतीनुसार आकडे किती बदलतात, हे यावरून स्पष्ट होते. या संस्थेच्या व्याख्येनुसार किमान एक हेक्टर क्षेत्रावर १० टक्क्यांहून अधिक वृक्षच्छाया असल्यास ते वनाच्छादन होय. त्यामुळे फळबागा व लागवडीही त्यात मोडतात. नैसर्गिक वन घटून लागवड वाढली, तरी एकूण आकडा स्थिर राहू शकतो. वणव्यांची सूचना देण्यासाठीही ही संस्था उपग्रहीय नोंदी वापरते.

मर्यादा : ॲमेझॉन खोऱ्यातील २००५ च्या तीव्र अवर्षणात तेथील वने अधिक हिरवी झाल्याचा निष्कर्ष २००७ मध्ये उपग्रहीय निर्देशांकावरून काढण्यात आला. परंतु वनातील कायम नमुना-क्षेत्रांत झाडे प्रत्यक्ष मोजली असता जैवभार घटल्याचे २००९ मध्ये दिसून आले. धूर व ढग यांनी दूषित झालेल्या नोंदी वगळल्यावर ती हिरवाईची वाढही टिकली नाही. मध्य युरोपात २०१८ नंतरच्या अवर्षणांत साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी स्प्रूस वृक्षांची मोठी हानी केली. प्रादुर्भावाच्या आरंभी झाड हिरवेच दिसत असल्याने या अवस्थेत उपग्रहाद्वारे ते ओळखणे कठीण जाते, आणि रोगट झाडे वेळीच काढण्यासाठी हीच अवस्था महत्त्वाची असते.

याउलट महाराष्ट्रातील सागाची पानझडी वने उन्हाळ्यात निष्पर्ण होतात. त्या वेळी घटलेला निर्देशांक हे रोगाचे लक्षण नसते. म्हणून एकाच ऋतूतील अनेक वर्षांच्या नोंदींची तुलना करावी लागते. पालवी फुटण्याचा वा पानगळीचा काळच हवामानबदलाने सरकू लागल्यास ही तुलनाही अधिक सावधपणे करावी लागते. उपग्रह बदलाचे स्थान व काळ दाखवितो. त्याचे कारण निश्चित करण्यासाठी मात्र वनात जाऊन खोड, साल, पाने व रोपांची वाढ तपासणे अपरिहार्य असते.