मालक उठून गेल्यावर

डेरिक परेरा यांची कारकीर्द एका कागदावर लिहून काढली, तर आपल्याकडच्या क्लब फुटबॉलचा मागोवा आपोआप निघतो. खेळाडू म्हणून ते गोव्याच्या साळगावकरचे. प्रशिक्षक म्हणून २००५-०६ मध्ये त्यांनी मुंबईच्या महिंद्र युनायटेडला राष्ट्रीय लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. तिथून ते पुण्याला आले आणि पुणे एफसीसारखा नवखा संघ २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता झाला. मग पुन्हा साळगावकर, या वेळी प्रशिक्षक म्हणून.

आता त्याच कागदाची दुसरी बाजू. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. पुणे एफसीने २०१५ नंतर आय-लीगमधून गाशा गुंडाळला. साळगावकरने २०१६ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं. यांतला एकही संघ मैदानावर मार खाऊन संपला नाही. निर्णय झाला तो बंद खोलीत, आणि खेळाडूंना कळवला गेला.

श्रीमंत मालकाशिवाय फुटबॉल क्लबला यश टिकवता येईल का, हा प्रश्न जगभर विचारला जातो. आपल्याकडचा अनुभव त्याहून कडू आहे. इथे मालक असतानाही यश टिकलं नाही, आणि अनेकदा क्लबसुद्धा टिकला नाही. गेली वीस वर्षं इथले खेळाडू आणि त्यांचे प्रेक्षक ज्यातून गेले, ते आठवलं की अजून जीव तुटतो.

महिंद्रची सुरुवात १९६२ ची. मुंबईत तेव्हा गिरण्या, बँका, रेल्वे, तेल कंपन्या सगळ्यांचे संघ असत. खेळाडूला पगार फुटबॉलचा नव्हे, नोकरीचा मिळे. सकाळी सराव, मग कचेरी. पोट भरण्याची सोय झाली की माणूस निर्धास्त खेळतो, या साध्या हिशोबावर मुंबईचं फुटबॉल उभं होतं. महिंद्रने त्यातून व्यावसायिक संघ घडवला. कुपरेजवर लाल जर्सीतला हा संघ खेळायचा, स्टीव्हन डायससारखा इथलाच मुलगा उजव्या बगलेतून सुसाट जायचा आणि घानाचा युसिफ याकुबू गोल करायचा. फेडरेशन चषक दोनदा, ड्युरंड तीनदा, राष्ट्रीय लीग एकदा. २००७ मध्ये एएफसी चषकाची उपांत्यपूर्व फेरी. आणि त्यानंतर तीन वर्षांत घोषणा झाली की कंपनी आता व्यावसायिक संघाऐवजी शालेय, तळागाळातल्या फुटबॉलवर लक्ष देणार. हेतू वाईट नव्हता. पण शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या मुंबईच्या पोराने मोठं होऊन ज्या संघात जायचं स्वप्न पाहावं, तो संघच त्या निर्णयाने पुसला गेला. पुढच्याच वर्षी पंजाबात फगवाड्याच्या जेसीटीनेही दुकान बंद केलं. पहिली राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ होता तो.

गोव्याची गोष्ट वेगळी वाटायची, कारण तिथे फुटबॉल कंपनीच्या आधीपासून होता. चर्चसमोरच्या पटांगणात, भात कापून झालेल्या शेतात, गावागावांच्या चुरशीत तो वाढला. खाणमालकांनी तो उचलून धरला. मांडवी-झुआरीतून खनिजाचे बार्ज जात, आणि त्याच खनिजाच्या पैशावर साळगावकर, धेंपो यांचे संघ उभे राहिले. गावचा पोरगा गावाच्या संघातून क्लबच्या कुमार संघात, तिथून मुख्य संघात, अशी शिडीच होती. १९८३-८४ ला ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या गोव्याने संतोष करंडक जिंकला, तो याच मातीतून.

आणि मग तो काळ आला. २००७-०८ ला राष्ट्रीय लीगच्या जागी आय-लीग सुरू झाली, आणि पहिली सहाच्या सहा विजेतेपदं गोव्यात गेली. धेंपो तीन, चर्चिल ब्रदर्स दोन, साळगावकर एक. सगळी मिळून पंधरा लाखांच्या आतली लोकवस्ती. बंगालच्या दोन्ही बलाढ्य क्लबांना सहा वर्षं हात चोळत बसावं लागलं. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंचा धेंपो हा माझ्या मते त्या पिढीचा सर्वांत देखणा संघ. क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, महेश गवळी, समीर नाईक ही घरची माणसं, आणि पुढे रँटी मार्टिन्स व बेटो. राष्ट्रीय लीगची दोन आणि आय-लीगची तीन, अशी पाच विजेतेपदं त्यांनी आठ हंगामांत घेतली. प्रशिक्षक तोच, गाभा तोच. पैसा होता, पण त्या पैशाने उसनवारीचा संघ आणला नव्हता. संयम विकत घेतला होता, आणि तोच विकत घ्यायला सर्वांत महाग पडतो.

ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातल्या खाणी थांबल्या. नंतर २०१३-१४ पासून गोव्याकडे आय-लीग आली नाही. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून 'खाणी गेल्या, फुटबॉल गेला' असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. धेंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्येच सेसा गोवाला विकला होता, आणि त्यानंतरही क्लबने दोनदा लीग जिंकली. पैसा आटला म्हणून गोव्याचे क्लब गेले, असं म्हटलं की खरं दुखणं झाकलं जातं.

खरं दुखणं २०१४ नंतरचं. इंडियन सुपर लीग आली, शहरांच्या नावाने नवे संघ विकले गेले. २०१६ मध्ये भारतीय फुटबॉल महासंघाने आराखडा मांडला की सुपर लीग हीच देशाची सर्वोच्च लीग, आय-लीग तिच्या खाली, आणि खालून वर जायला दार नाही. धेंपो आदल्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरला होता. त्याने त्या वर्षी द्वितीय श्रेणी जिंकून आपली जागा परत मिळवली. आणि मग जागा हातात असताना धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा, तिघांनीही आय-लीग सोडली. जिंकून ज्या माडीवर जायचं, तिचा जिनाच काढून घेतला, तर धावायचं कशासाठी?

आणि इथेच मालकांचा प्रश्न नीट उलगडतो. २०१४ मध्ये एफसी गोवा उभा राहिला, तेव्हा त्याच्या भागीदारांत श्रीनिवास धेंपो होते आणि साळगावकर घराण्यातले दत्तराजही. म्हणजे श्रीमंतांनी फुटबॉल सोडला नव्हता. त्यांनी पैसा तिकडे नेला जिकडे दूरचित्रवाणी होती, प्रायोजक होते आणि घसरण्याची भीती नव्हती. एफसी गोवाने पुढे नावही काढलं. २०१९-२० ला साखळी फेरीत पहिला क्रमांक, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब. फातोर्ड्याचा माणूस त्यावर खूश आहे, आणि असावाच. पण पन्नास-साठ वर्षांच्या दोन नावांमागे जी गावं होती, ती एका रात्रीत नव्या जर्सीत कशी जाणार?

पुण्याचं दुःख थोडक्यात सांगण्यासारखंच आहे, कारण तिथे काही मुरायला वेळच मिळाला नाही. पिरामल घराण्याचा पुणे एफसी, कल्याणी समूहाचा भारत एफसी, डीएसके शिवाजीयन्स आणि सुपर लीगचा एफसी पुणे सिटी. भारत एफसी एकच हंगाम खेळला. शिवाजीयन्सची आय-लीग २०१७ ला संपली. पुणे एफसीची नावाजलेली अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, आणि २०१९ मध्ये तोही गेला, त्याची जागा हैदराबादला मिळाली. बारा वर्षांत चार मालक, चार रंग. बालेवाडीच्या गॅलरीत बापाने पोराला पहिल्यांदा ज्या संघासाठी ओरडायला शिकवलं, तो संघ पोरगा दहावीला जाईपर्यंत उरला नाही.

मग मालकाशिवाय जिंकता येतं का? एकदा येतं. गोव्याचे क्लब गेल्यामुळे २०१६-१७ साठी जागा रिकाम्या झाल्या. मिझोरमचा आयझॉल एफसी आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत गेला होता, त्याला परत बोलावलं. मुंबईत प्रशिक्षक खालिद जमील मोकळे होते. एकेकाळी महिंद्रकडून खेळलेले, मग मुंबई एफसीला वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशात वरच्या लीगमध्ये टिकवून ठेवलेले, आणि तिथून नुकतेच बाजूला झालेले. ते आयझॉलला गेले. संघाचा वर्षाचा खर्च दोन कोटींच्या घरात असल्याचं तेव्हा सांगितलं जाई.

३० एप्रिल २०१७, शिलाँग. आयझॉलला फक्त एक गुण हवा होता. पहिल्या सत्रातच यजमान लाजाँगने गोल केला. तिकडे मोहन बागानचा सामना त्याच वेळी चालू होता, आणि तो बागानने जिंकला व इकडे आयझॉल हरला, तर चषक कोलकात्याला जाणार होता. दुसऱ्या सत्रात कॉर्नरवरून आलेल्या गर्दीत विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. आयझॉलहून रात्रभर प्रवास करून आलेले लोक उरलेला वेळ बसले नाहीत. १-१. आयझॉल ३७, मोहन बागान ३६. ईशान्येकडचा पहिला राष्ट्रीय विजेता.

पण पुढे पाहा. चषक जिंकूनही सुपर लीगचं दार उघडलं नाही, क्लबला उपोषणाचा इशारा द्यावा लागला. खालिद ईस्ट बेंगालला गेले, खेळाडू विखुरले. आयझॉलला पुन्हा ती उंची गाठता आली नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं, तर आयझॉलही निराधार नव्हता. रॉबर्ट रॉयटे हे त्याचे मालक, पुढे मिझोरमचे क्रीडामंत्री झाले. फक्त त्यांचा खिसा लहान होता. लहान खिशात एक चषक मावतो. यश टिकवायला दरवर्षी घरचा चांगला खेळाडू घरी ठेवावा लागतो, आणि ते बक्षिसाच्या रकमेवर होत नाही.

मग क्लब सभासदांच्याच हाती ठेवला तर? जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबच्या मतांची बहुसंख्या सभासदांकडे राहिली पाहिजे. तो नियम तिथे चालतो, कारण सभासदांच्या पाठीशी दूरचित्रवाणीचा पैसा आहे आणि भरलेली स्टेडियम आहेत. आपल्याकडे सभासदांचा सर्वांत मोठा क्लब मोहन बागान, १८८९ चा. त्यालाही १९९८ मध्ये विजय मल्ल्यांशी अर्धी भागीदारी करावी लागली, आणि २०२० मध्ये फुटबॉलचा ऐंशी टक्के हिस्सा संजीव गोएंकांच्या समूहाला द्यावा लागला. लाखोंच्या प्रेमाला पगार देता येत नाही. त्यानंतर बागानने भरभरून जिंकलं, हेही खरं.

आणि ज्यांच्याकडे पैसा आहे, त्यांचं काय झालं? सुपर लीग चालवण्याचा १५ वर्षांचा करार २०२५ च्या अखेरीस संपणार होता. नवा होईना, म्हणून जुलैत पुढचा हंगामच स्थगित झाला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार थांबवले. त्याच्या मागे तर जेएसडब्ल्यूसारखा पोलाद समूह आहे. मँचेस्टर सिटीच्या मालकांनीही वर्षअखेर मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. सहा वर्षांत दोनदा करंडक आणि दोनदा साखळी फेरीची ढाल देऊन ते गेले.

कोल्हापूरचं नाव या सगळ्यात येत नाही, आणि म्हणूनच मला ते घ्यावंसं वाटतं. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही पेठांची आणि तालमींची नावं आहेत. कुणी ती विकत घेतलेली नाहीत, घेता येणारही नाहीत. आधार तिथेही आहे. राजघराणं तिथल्या फुटबॉल संघटनेच्या पाठीशी आहे, पुढाऱ्यांचा पैसाही येतो. पण तो कुठे जातो ते पाहा. सतेज चषक, चंद्रकांत चषक, अटल चषक असा तो स्पर्धेवर खर्च होतो. एखाद्या वर्षी चषक भरवणारा मागे हटला, तर दुसरा येतो. तालीम तिथेच असते. शाहू स्टेडियमवर भर उन्हात दुपारपासून गॅलरी भरते, हलगी वाजते, आणि मैदानातल्या पोराला त्याच्या घरच्या नावाने हाका जातात. कधीकधी तीच ईर्ष्या हाणामारीवर जाते आणि सामने थांबवावे लागतात, तेही लपवायचं कारण नाही. अनिकेत जाधव याच गावचा, २०१७ च्या कुमार विश्वचषकात भारताकडून खेळला.

कोल्हापूरच्या तालमींना राष्ट्रीय विजेतेपद नाही. ते मिळण्याची आज शक्यताही नाही, कारण पेठेच्या ताकदीवर देशभर संघ फिरवता येत नाही. मला ही उणीव खुपते. कोल्हापूरचं मूळ आणि धेंपोचा संयम एकाच क्लबात कधी एकत्र आले नाहीत. आलेच असते, तर मालक उठून गेल्यावर काय उरतं, हे आपल्याला पाहायला मिळालं असतं.

त्याच्या जवळ जाणारं एक घडलं आहे. आय-लीग सोडली तेव्हा धेंपोने क्लब मिटवला नाही. अकादमी चालू ठेवली, गोव्याच्या लीगमध्ये संघ खेळत राहिला, तोही बहुतेक घरच्या पोरांचा. दरम्यान खालून वर जायचं दारही उघडलं, २०२३ मध्ये पंजाब एफसी त्यातून सुपर लीगमध्ये गेला. धेंपो तिसऱ्या पायरीवरून चढला आणि २०२४-२५ मध्ये, सोडल्यापासून आठ वर्षांनी, आय-लीगमध्ये परतला. डगआउटमध्ये प्रशिक्षक म्हणून समीर नाईक उभे होते.